अठ्ठेचाळीस ठोके

शाळेतली पोरं त्यांना फौजदारबाई म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. पहिल्यांदा कोण म्हणालं, कुठल्या वर्गात, कितव्या बाकावरून, याचा तपासही त्यांनी लावला होता. शिक्षा मात्र केली नाही. "नाव बरोबर ठेवलंय," एवढंच म्हणाल्या.

बाई शारीरिक शिक्षण शिकवायच्या, मी विज्ञान. शिक्षकखोलीत आमची टेबलं शेजारीशेजारी, खिडकीला लागून, समोर सगळं मैदान. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. तेवढ्या काळात त्यांनी माझ्यावरही चारदा तरी संशय घेतला असेल. त्यातला एक खरा निघाला. कोणता, ते सांगणार नाही.

कोणी पाय मुरगळला म्हणून मैदानातून सुट्टी मागितली की बाई लगेच द्यायच्या आणि मधल्या सुट्टीत खिडकीशी उभ्या राहायच्या. पोरगं पाणी प्यायला जाताना उजवा पाय ओढतंय की डावा, हे पाहायच्या. तापाचा दाखला आणला तर त्या तारखेला दवाखाना उघडा होता का, याची चौकशी. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, एखाद्यावर विश्वास टाकून बघा."

"टाकते ना," बाई म्हणाल्या, "तपासून झालं की."

पण शिकवायला त्यांच्याइतकं चांगलं माणूस मी पाहिलं नाही. नववीला शारीरिक शिक्षणाचा लेखी पेपर असतो. स्नायू, हृदय, तोल, तरफ असे धडे. बाकी शाळांत पोरं ते घोकतात. बाई पुस्तक काखेत मारून वर्गाला मैदानात न्यायच्या. "छापलंय म्हणजे कोणीतरी लिहिलंय," त्या म्हणायच्या, "आणि लिहिणारा चुकू शकतो. आधी करून बघू, मग लिहू." तोलाचा धडा असला की वर्गातला सगळ्यात धिप्पाड मुलगा पाय जुळवून उभा करायचा आणि सगळ्यात किरकोळ मुलीनं त्याला एका बोटानं ढकलायचं. तो धडपडायचा. मग पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहायचं. आता ढकल. हलत नाही. गुरुत्वमध्य खाली आला म्हणजे काय झालं, हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागत नसे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी नाडीच्या धड्यावरून सगळं सुरू झालं. पुस्तकात वाक्य होतं, की निरोगी माणसाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी बहात्तर. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक मिटलं. "कोणाचे बहात्तर? कधी मोजले? बसून की पळून?" एकेचाळीस पोरं गवतावर उताणी झोपवली. पाच मिनिटं गप्प. मग शिट्टी, मनगटावर दोन बोटं, एक मिनिट, पुन्हा शिट्टी. त्यानंतर मैदानाला दोन फेऱ्या, लगेच मोजणी, मग एका मिनिटानं, मग तीन मिनिटांनी. प्रत्येकानं आपापल्या वहीत तक्ता आखायचा. असे सलग पाच मंगळवार. "आणि एक लक्षात ठेवा," बाईंनी बजावलं होतं, "खोटा आकडा लिहिलात तर मला कळतो."

त्या वर्गात एक मुलगी होती. पोरं तिला 'चिठ्ठी' म्हणायची. दर आठवड्याला ती आईची चिठ्ठी आणायची: पोटात दुखत असल्याने मुलीस पळण्यापासून सूट द्यावी, ही विनंती. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं, शेवटून दुसऱ्या बाकावर. पळायचं नाही म्हटल्यावर तिच्या तक्त्यात झोपून मोजलेले ठोके तेवढे असायचे, पुढचे रकाने कोरे.

पाचव्या मंगळवारनंतर बाईंनी वह्या गोळा केल्या. सगळ्यांचे आकडे सत्तर ते नव्वदच्या आसपास. चिठ्ठीचे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.

बाईंनी त्यावर लाल शाईनं 'खोटे' असं लिहिलं. लिहून थांबल्या असत्या तर निभावलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ती वही वर धरली.

"एक तर पळायचं नाही. वर मोजायचाही कंटाळा. मनानंच आकडे पाडलेस ना?"

"नाही बाई. मी मोजले तेवढेच लिहिले."

"अठ्ठेचाळीस? झोपेत होतीस का?"

वर्ग हसला. तेवढ्यात घंटा झाली आणि बाई बाहेर पडल्या.

दुपारी त्यांनी वही माझ्या टेबलावर टाकली, वर चिठ्ठ्यांचा गठ्ठा. "अक्षर बघा. वहीतलं आणि चिठ्ठीतलं. तोच 'ळ', तीच वेलांटी. चिठ्ठ्या स्वतः लिहिते, आकडे स्वतः रचते. खोट्यावर खोटं."

अक्षर सारखं होतं खरं. पण मला दुसरंच खटकलं. "बाई, खोटं लिहायचं असतं तर पोरगी बहात्तर लिहील. पुस्तकातलंच आहे, कोणी विचारणारही नाही. अठ्ठेचाळीस लिहून गळ्यात धोंडा कोण बांधून घेईल?"

बाई गठ्ठा पुन्हा चाळू लागल्या.

"तुम्ही स्वतः मोजले का तिचे?"

हा प्रश्न त्यांना झोंबला. घरी दुधातसुद्धा पाणी आहे का हे तपासणाऱ्या बाईंनी या एकाच गोष्टीत हात लावून पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, चिठ्ठीला वर्गातून बोलावून घेतलं, माझ्यासमोर खुर्चीवर बसवलं आणि तिचं मनगट धरलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलत होते. मिनिट संपलं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे मनगट दिलं.

पन्नास. बिचारी घाबरलेली होती, तरी पन्नास.

"तब्येत बरी आहे ना ग?" मी विचारलं. "चक्कर वगैरे?"

"नाही सर."

"मग पळतेस कुठे? पोहायला जातेस? सायकल?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. काही नाही."

ती गेल्यावर मी म्हणालो, की ठोके इतके कमी असले तर दोनच शक्यता. एक तर काहीतरी दुखणं आहे, नाहीतर ही मुलगी रोज चिक्कार श्रम करते आणि तिचं हृदय कमावलेलं आहे. काहींचे जन्मतःच थोडे कमी असतात, पण एवढे नाही.

"आणि ती म्हणते काही नाही," बाई पुटपुटल्या. "म्हणजे ठोके खरे आणि मुलगी खोटी."

इथून बाईंचा संशय वेगळ्याच वाटेला लागला. शेजारच्या शाळेचा प्रशिक्षक आमच्या पोरांवर डोळा ठेवून असतो, असं त्यांचं जुनं मत होतं. त्यानंच हिला गुपचूप पळवायला घेतलं असणार! म्हणून आपल्या मैदानात पोट दुखतं. हजेरीपटातून त्यांनी मुलीचा पत्ता उतरवून घेतला. पत्ता एका इस्त्रीच्या दुकानाचा होता.

मी म्हणालो, "बाई, पोरीच्या मागे जाणं बरं दिसत नाही."

"बरं दिसायला मी चाललेच नाहीये."

योगायोग असा, की त्या गुरुवारी मैदानात पाण्याचा पाइप टाकायला खोदलेलं होतं. त्यामुळे शाळेच्या धावण्याच्या संघाचा सकाळी सहाचा सराव बंद. बाईंनी घरी सांगितलं नाही. नेहमीसारख्या साडेपाचला निघाल्या आणि इस्त्रीच्या दुकानासमोरच्या बंद टपरीआड उभ्या राहिल्या. पुढचं सगळं त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना एकदाही हसल्या नाहीत.

सहाला पाच कमी असताना मुलगी बाहेर आली. दोन्ही खांद्यांवर कपड्यांची गाठोडी, एक छातीशी. कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीत शिरली. लिफ्ट नव्हती. बाई जिन्याखाली उभ्या राहून पावलं ऐकत होत्या. पावलं थांबली, दार वाजलं, परत पावलं. एकदाही धाप नाही, कठड्याला हात नाही. खाली आली, दुकानात गेली, नवी गाठोडी, दुसरी इमारत. तिथेही जिनाच. बाई तिच्या मागे नुसतं चालूनच घामाघूम झाल्या.

कुठला प्रशिक्षक नि कुठलं काय. त्यांना वाटलं, आता परत जावं. तेवढ्यात मुलगी वळली आणि बाईंच्या स्वतःच्या इमारतीत शिरली.

आपली तक्रार घेऊन चालली की काय? हिला घर कोणी दाखवलं? त्या दबक्या पावलांनी मागे चढू लागल्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा. चौथ्या मजल्यावर बेल वाजली. ती त्यांच्याच दाराची होती. बाई अर्ध्या जिन्यात भिंतीला चिकटून उभ्या.

बाईंचे यजमान छापखान्याची प्रुफं तपासायचे, घरी बसून. दिवसभर चुका शोधणारा, पण बोलायला अगदी मऊ माणूस. त्यांनी दार उघडलं.

"ये ग. आज दोनच आहेत. हा ट्रॅकसूट वेगळा बांधलाय, खिशात परत शिट्टी राहिली होती."

"काका, मागच्या वेळीपण होती. आईनं हात घालून बघितला म्हणून. नाहीतर वितळून चिकटली असती."

"आमच्या घरात बोलू नकोस हं. माझ्यावरच संशय येईल."

"आलाच," बाई जिन्यातून म्हणाल्या.

मुलीच्या हातातलं गाठोडं सुटलं नाही, एवढंच. यजमान चष्म्यावरून बघत राहिले. "तू घरी कशी? सराव?"

"ही कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"इस्त्रीवाल्या ताईंची मुलगी. दोन वर्षं येते की."

"माझ्या वर्गात आहे ती!"

"मग तुलाच जास्त ठाऊक असायला हवं," ते म्हणाले आणि शहाण्या माणसासारखे आत गेले.

बाईंनी मुलीला गाठोडं खाली ठेवायला सांगितलं. ती ठेवेना. "समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांना सातला निघायचं असतं, बाई. शर्ट द्यायचेत."

"पोट दुखतंय?"

"नाही."

"कधीच दुखत नव्हतं?"

मुलीनं मान हलवली. मग एकदम सगळं बोलून टाकलं. "मी पळाले असते तर तुम्ही मला टीममध्ये घेतलं असतं. जो पळतो त्याला तुम्ही सोडत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. टीम म्हणजे सकाळी सहाला मैदान. सहाला हे कोण पोचवणार? संध्याकाळी बाकीच्या घरांतले गोळा करायचे असतात. आई दुकान सोडून येऊ शकत नाही."

"एवढं लपवलंस, मग ठोके कशाला खरे लिहिलेस?"

"तुम्ही म्हणालात ना, पुस्तकाचं ऐकू नका, स्वतःचे मोजा." तिचा आवाज आता पडला. "सगळ्यांचे जास्त होते. मला वाटलं, माझे कमी म्हणजे माझं हृदय कच्चं आहे. तुम्ही सांगाल काय करायचं, म्हणून लिहिले."

बाई पायरीवर बसल्या. मुलगी "जाऊ का, बाई?" म्हणून उतरून गेली. दोन वर्षं आपण रोज हिच्या आईच्या हातची इस्त्री अंगावर घालून हिच्यावर खेकसतोय, आणि हिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, हे बाईंना तिथे बसल्यावर उमगलं.

त्याच संध्याकाळी त्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, एक दोरी आणि मागे पडदा, पडद्यामागे घर. मुलगी कपडे गोळा करायला गेलेली. आईनं इस्त्री उभी ठेवली नाही. बोलता बोलता फिरवत राहिली.

"शाळेतलं माणूस दुकानात आलं की काहीतरी निस्तरायचंच असतं," ती म्हणाली. "काय केलं तिनं?"

बाईंनी चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तिचंही असंच आहे."

"असणारच. तिला लिहायला मी शिकवलंय, याच टेबलावर. माझा 'ळ' बघून तिनं 'ळ' गिरवला."

बाईंनी चिठ्ठ्या उचलून परत पर्समध्ये टाकल्या. मग म्हणाल्या, "पण पोटात दुखतं हे खोटं होतं."

"ते खोटं होतं. ते मी लिहिलं. पोरीनं नाही." इस्त्री शर्टाच्या कॉलरवर येऊन थांबली. "आता तुम्हाला काय हवंय ते सांगा. तुम्ही तिला पळवणार. जिंकली तर शाळेचं नाव होणार आणि पाय मोडला तर ती माझी पोर. बरोबर ना?"

बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्याइतकं संशयी भेटलं होतं. त्या म्हणाल्या, "मी माफी मागायला आलेय."

"कसली?" तिचा संशय आणखीच वाढला.

"वर्गासमोर मी तिला खोटी म्हणाले. तिच्या वहीत तसं लिहिलं."

आईनं आता इस्त्री उभी केली. "हे ती घरी बोलली नाही." दोरीवरचे कपडे उगीच सरळ केले. "मग माझी कशाला मागता? ज्यांच्यासमोर म्हणालात त्यांच्यासमोर मागा."

निघताना बाईंनी एक विनंती केली, की एकदा डॉक्टरांना दाखवा. आईनं दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे. बाईंनी दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्यायला लावलं. तेही तेच म्हणाले.

पुढच्या मंगळवारी पाणी भरायचं एक पिंप मैदानात आलं. एका मुलाला लहान पेला दिला, दुसऱ्याला मोठा तांब्या, आणि पिंप अर्धं भरेपर्यंत कोण किती खेपा घालतो ते वर्गानं मोजलं. पेलावाला दमून बसला. "हृदय म्हणजे हेच," बाई म्हणाल्या. "ज्याचं एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्याला ठोके कमी लागतात. कमी ठोके म्हणजे कच्चं हृदय नव्हे. या वर्गात एका मुलीचे अठ्ठेचाळीस आहेत. मी स्वतः मोजलेत, सरांनीही मोजलेत; घाबरलेली असतानाही पन्नासच. मी तिला खोटी म्हणाले ते चूक होतं. तिची मी माफी मागते." आणि वहीतला तो लाल शब्द सगळ्यांसमोर खोडून खाली सही केली.

मी खिडकीतून बघत होतो. मुलगी जमिनीकडे बघत होती.

आदल्या दिवशी बाईंनी तिला विचारलं होतं, "जिन्याचं सांगू का वर्गाला?" ती म्हणाली होती, "तुम्ही नका सांगू." म्हणून बाईंनी कोणाचंही नाव न घेता पुढचा भाग काढला. शाळेच्या तीन मजल्यांचा जिना, खांद्यावर आठ किलो वाळूची पिशवी, दोनदा वर, दोनदा खाली, आणि लगेच नाडी. "ज्याला यायचंय त्यानं या." पोरं हौसेनं सरसावली. परत आली ती तोंडं वासून. एकशे बहात्तर, एकशे चौऱ्याऐंशी. एक जण तर म्हणाला, "बाई, मोजताच येत नाहीयेत."

शेवटी चिठ्ठी उठली. दोन पिशव्या मागितल्या.

बाई म्हणाल्या, "एकच."

"एकीनं तोल जातो, बाई."

ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली. नाडी मोजायला तीन जण धावले. एकशे एकवीस. मिनिटभरानं चौऱ्याहत्तर. पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "कुठे शिकलीस ग?"

"तुमच्याच बिल्डिंगमध्ये," ती म्हणाली. "तिसरा मजला, डावीकडचं दार. हा शर्ट सकाळी मीच आणला."

त्यानं आपल्या शर्टाकडे पाहिलं. क्षणभर कोणालाच कळेना हसावं की काय. मग तोच म्हणाला, "तरीच आई म्हणते, बेल वाजल्यावर दार उघडेपर्यंत कोणीच नसतं." आणि मग सगळा वर्ग हसला. तीसुद्धा.

अर्थात हे सगळं सुखासुखी पार पडलं नाही. वाळूच्या पिशव्यांवरून दोन पालक मोठ्या बाईंकडे आले. मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मला का, ते अजून कळलेलं नाही. "हे शारीरिक शिक्षण आहे की हमाली?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "हमालाची नाडी कधी मोजलीय का आपण?" मोठ्या बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ही बाई आपली चेष्टा तर करत नाही ना, असा त्यांना संशय होता. पिशव्या आठाच्या पाच किलोवर आल्या आणि प्रकरण मिटलं.

बाईंचा जीव मात्र एका गोष्टीत अडकला होता. असं हृदय आणि पळायचं नाही? रविवारी दुपारी आंतरशालेय लांब पल्ल्याची शर्यत होती. दुपारी दुकान बंद असतं, हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. आईनं हो-नाही करता करता मुलीवर सोपवलं, आणि मुलगी म्हणाली, "एकदाच."

त्रेसष्ट मुलींत ती सातवी आली. सपाटीवर तिला वेगाचा अंदाजच नव्हता, सुरुवातीला मागे राहिली. टेकाडावर मात्र एकामागून एक अकरा जणींना तिनं मागे टाकलं. बाईंना सातवा नंबर पटला नाही. वळणावरच्या पंचानं कोणाला तरी आतून जाऊ दिलं, अशी त्यांची खात्री होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा मार्ग चाक फिरवून मोजला, पंचाला गाठलं, वळणावरच्या चहावाल्यालाही विचारलं. मार्ग बरोबर होता आणि सातवा नंबरही.

मग त्या मुलीला म्हणाल्या, "सराव दुपारी ठेवते. तुझ्या वेळेनं. पुढच्या वर्षी पहिली येशील."

"बाई, एक विचारू? मला पळायला आवडतं का, हे तुम्ही विचारलंच नाही."

"आवडतं?"

"नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. सकाळच्या खेपा चुकायची भीती, आईची काळजी, आणखी काही लपवतेय का ते शोधलं. काही सापडलं नाही. "मग काय आवडतं?"

"मोजायला," ती म्हणाली.

ती मुलगी आता एका इस्पितळात हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर काम करते. बाई निवृत्त झाल्या, मीही झालो. गेल्या वर्षी छातीत थोडं धरल्यासारखं झालं म्हणून गेलो, तर समोर तीच. तारा लावल्या, कागद सरकत बाहेर आला, तिनं तो दोनदा वाचला.

"सर, सिगारेट सोडलीत म्हणून कागदावर लिहिलंय. कधी?"

"झाले की सहा महिने."

तिनं माझी उजव्या हाताची दोन बोटं उचलून उजेडाकडे धरली, पिवळे डाग पाहिले आणि माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मला वाचू दिलं नाही.